चार नंबरची नळी

माझ्या चार वर्षांची कमाई खसखशीच्या दाण्यापेक्षा लहान आहे, आणि ती मे महिन्यातल्या एका शुक्रवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी घोडेगावच्या बाजारात मरायला टेकली होती. हे मी रंगवून सांगत नाही. मी मुळात रंगवून सांगणारी बाईच नाही, तोडून बोलणारी आहे. आई म्हणते, ज्ञानेश्वरीच्या हातात अक्षता दिल्या तरी ती त्या मोजून टाकील.

पुण्याच्या एका संस्थेत मी पीएचडी करते. काही पदार्थ अभ्रकासारखे थराथरांचे असतात. त्यांना साधी चिकटपट्टी लावून ओढली की पापुद्रा निघतो. त्या पापुद्र्याला पुन्हा पट्टी, पुन्हा पापुद्रा, असं करत शेवटी मोजक्या अणूंच्या जाडीचा तुकडा हाती येतो. असे दोन तुकडे मी अतिवाहकाचे घेते. अतिवाहक म्हणजे पुरेसा थंड केला की ज्याच्यातून वीज काडीचाही अडथळा न होता वाहते तो. या दोघांच्या मध्ये तिसरा पापुद्रा ठेवते, टोपॉलॉजिकल पदार्थाचा. हा तिसरा इरसाल आहे. पोटातून वीज जाऊ देत नाही, पण कातडीवरून मात्र खुशाल पळू देतो. तिघे मिळून झाला माझा जोड. दोन्हीकडची वीज या मधल्या आडमुठ्याच्या अंगावरून एकमेकींना भेटते का आणि भेटताना काही नवीन चाल करते का, एवढंच मला बघायचंय. त्यासाठी त्रेपन्न जोड केले. बावन्न मेले.

त्रेपन्नावा जिवंत होता! पुण्यात तपासला तेव्हा त्याचा अडथळा सरळ शून्यावर आला आणि मी प्रयोगशाळेतल्या फिरत्या खुर्चीवर बसून तीन गिरक्या घेतल्या. पण या जोडाला ऊब सोसत नाही. उबेत त्याच्या पापुद्र्यांतला प्राणवायू निसटतो आणि मग तो गेलाच म्हणून समजायचं. म्हणून तो बोटाएवढ्या बंद नळीत, नळी द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे शून्याखाली एकशे शहाण्णव अंशांवर. त्याची खरी परीक्षा याहून थंड अशा हेलियममध्ये व्हायची होती आणि आमचं हेलियमचं यंत्र नेमकं बंद पडलं होतं. संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेतल्या विजयमाला मॅडमनी त्यांच्या यंत्रावर मला त्या दिवशी संध्याकाळी पाचची वेळ दिली होती. ती चुकली तर पुढचा नंबर ऑगस्टात, आणि माझी मुदत जूनअखेर संपणार होती.

तर मी मांडीवर थर्मास घेऊन एसटीने निघाले. कंडक्टरने विचारलं, ''काय तूप हाय का ताई?'' मी म्हटलं, ''औषध आहे.'' नगर सोडलं आणि तासाभरात घोडेगावपाशी गाडी उभीच राहिली. शुक्रवार म्हणजे जनावरांचा बाजार. रस्त्यावर टेम्पो, पिकअप, बैल, म्हशी आणि त्या सगळ्यांना 'हो हो' करणारे लोक. मी वैतागून खिडकीबाहेर बघत होते, तेवढ्यात मांडी गार पडली. खाली बघते तर थर्मासला बाहेरून घाम आलेला, आणि बघता बघता त्या घामाचा पांढरा बर्फ व्हायला लागला.

थर्मासच्या दोन भिंतींमधली पोकळी फुटली की असं होतं. थंडी बाहेर पळते आणि नायट्रोजन उडून जातो. माझ्याकडे फार तर अर्धा तास होता.

त्या क्षणी मला देव नाही, मामा आठवला.

राधाकृष्ण मामा घोडेगावचाच. बावीस वर्षं तो गायी-म्हशींचं कृत्रिम रेतन करतो. सगळा गाव त्याला डॉक्टर म्हणतो आणि तोही हाक आली की 'ओ' देतो. त्याच्या मोटारसायकलला मागे बांधलेला असतो एक पोटाळा ॲल्युमिनियमचा डबा. त्यात वळूंचं बीज, आणि ते बीज ठेवलेलं असतं द्रव नायट्रोजनमध्ये! लहानपणी सुट्टीत मी त्याच्याबरोबर याच बाजारात यायचे. इथे जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांचे हात उपरण्याखाली, बोटं धरून आकडा सांगायचा. पाची बोटं धरली की पाच, दोन धरली की दोन. मला अंक शाळेने नाही, मामाच्या उपरण्याने शिकवले. मी गाडीतून उतरून त्याला फोन लावला.

''मामा, नायट्रोजन हाय का?''

''हाय की. कालच भरलाय. गाय पाळली का काय पुन्यात?''

दहा मिनिटांत तो मोटारसायकल घेऊन हजर. मी थर्मास कवटाळून रस्त्याच्या कडेला उभी होते. डब्याचं झाकण काढलं, पांढरी वाफ उसळली. आत तोंडाशी गोल सहा तारेचे आकडे टांगलेले, प्रत्येक आकड्याला खाली एकेक लांबट डबी.

''चार नंबर रिकामा हाय,'' तो म्हणाला. ''टाक तुजं रत्न.''

मी चिमट्याने नळी उचलली आणि चार नंबरच्या डबीत सोडली. माझा जोड म्हणजे त्रेपन्नावा टोपॉलॉजिकल जोड, खिल्लार आणि गीर वळूंच्या शेजारी जाऊन बसला. मला एवढं हसू आलं की डोळ्यांत पाणीच आलं. मामा म्हणाला, ''आता दहा दिस काळजी न्हाई. पन एक गोष्ट. बाजारात एक गाय माजावर हाय, लगेच बीज भराया पायजे. ती केली की तुला संभाजीनगरला सोडतो.''

''मामा, पाचला पोचायचंय!''

''माज थांबत न्हाई बाई. तुजं थंड हाय, त्ये थांबतंय.''

मी डबा मांडीवर घेऊन मागे बसले. बाजारातून जाताना एका म्हशीने माझी ओढणी चाखून बघितली. डब्याची कडी पोटात रुतत होती, म्हणून मी तो जरा फिरवून घेतला. हा 'जरा' लक्षात ठेवा.

गाय काळीपांढरी, देखणी होती. तिचा सौदा अडला होता. घेणारी राहीबाई, शेवगावकडची, स्वतःची पिकअप स्वतः चालवणारी, कपाळावर आठी आणि हातात चावी. ती म्हणत होती, गाय माजावर आहे तर इथंच भरून द्या, तरच नेते. मध्ये दलाल बन्सी, खांद्यावर लालभडक उपरणं. मामाला बघताच तिघाचौघांनी ''डाक्टर आलं, डाक्टर आलं'' केलं. मी डबा त्याच्या उजव्या हाताशी जमिनीवर ठेवला आणि बाजूला उभी राहिले.

मामाचं काम बघत राहावं असं आहे. नजर गायीवर, तोंडाने तिच्याशी गप्पा, आणि हात आपोआप. डब्याकडे तो बघतच नाही, वाफेत आकडे दिसतही नाहीत. चिमटा आत गेला, नळी बाहेर आली आणि थेट कोमट पाण्याच्या फ्लास्कमध्ये. बीज वापरायच्या आधी कोमट पाण्यात तीस सेकंद धरावं लागतं. मामा ते तीस सेकंद घड्याळाने मोजत नाही.

''एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल...''

मी कौतुकाने बघत होते. बीजाच्या नळ्या काडीसारख्या बारीक असतात. ही बोटाएवढी होती. वर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती चिकटपट्टी माझी होती.

''...दहा विठ्ठल, अकरा...''

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, पण एक बैल दावं तोडून पळाला एवढं खरं. फ्लास्कमध्ये हात घालून नळी उपसली, डब्यात कोंबली, आणि मग मामाकडे वळले. त्यापुढे मी जे बोलले ते मला आठवतं. आंधळा आहेस म्हणाले. बावीस वर्षं काय गवत उपटलंस म्हणाले. जन्मात ज्याला अरेतुरे केलं नाही त्या मामाला, भर बाजारात.

मामाच्या हातात चिमटा तसाच. ''जाड लागली खरी,'' तो पुटपुटला. ''म्हनलं नवा माल आसंल.''

''मेला ना आता जोड! पाणी सदतीस अंशांचं!''

''आमचं बीज बी एकदा ऊब लागून उतरलं की पुन्ना चालत न्हाई,'' तो खाली बघत म्हणाला. ''मला कळतंय गं.''

राहीबाई मात्र चावी आपटून म्हणाली, ''पोरी, तुजं काय त्ये नंतर रड. डाक्टर, गाय थांबायची न्हाई.'' मामाने डोळे पुसले, वाकून यावेळी डब्यात बघत बघत दुसरी नळी काढली, तीस विठ्ठल पुरे मोजले आणि गायीचं काम नीट केलं.

मी तोवर मॅडमना फोन लावला. खोटं बोलणं मला जमत नाही. सगळं सांगितलं, बैलासकट.

''अकरा सेकंद?'' त्या म्हणाल्या.

''अकरा विठ्ठल, मॅडम.''

''हे बघा, मेलेल्या जोडासाठी मी हेलियम उघडणार नाही. महाग आहे आणि रांगेत दुसरी मुलं आहेत. तुमच्याकडे बॅटरीवरचं मोजणीयंत्र आहे ना? नायट्रोजनमध्येच तपासा. अडथळा शून्य झाला तर या. नाही झाला तर आजची वेळ मी दुसऱ्याला देते. अर्ध्या तासात कळवा.''

नायट्रोजनच्या थंडीत जोड जिवंत की मेला एवढं कळतं. त्याच्या अंगची करामत हेलियममध्येच दिसते, पण आधी जिवंत तर पाहिजे. मी पिशवीतून यंत्र काढायला वाकले आणि माझी नजर डब्यावर गेली. डब्याच्या पोटावर कुंकवाचा टिळा होता. दर दसऱ्याला मामा त्याची पूजा करतो आणि डबा खाली ठेवताना टिळा नेहमी उगवतीला करतो. मग एक नंबर समोर, चार नंबर मागे, आणि हाताला बघायची गरजच उरत नाही. हे मला आठव्या वर्षापासून माहीत होतं.

टिळा मावळतीला होता. चार नंबर समोर आला होता. डबा मांडीवर फिरवून घेतला होता मी आणि खाली तसाच ठेवला होता मी.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसता आलं असतं, कुणाला काय कळणार होतं? पण शिव्या भर बाजारात दिल्या होत्या, तर कबुलीही तिथंच द्यायला हवी होती.

''मामा,'' मी मोठ्याने म्हणाले, ''डबा मी फिरवला. टिळा मावळतीला मी केला. तुमची काय बी चूक न्हाई.''

मामाने टिळ्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळला. ''तरीच म्हनलं, बावीस वर्सांत हात कसा काय चुकला! आगं, उगवत-मावळत तुमच्या शाळंत शिकवीत न्हाईत का?'' सगळे हसले. मीही हसले, रडता रडता.

''मामा, मेला असंल ओ तो.''

''कुनी सांगितलं? हात घालून बघितल्याबिगर गाय रिकामी म्हनायची न्हाई. चल, बघ.''

नळीच्या टोपणातून केसासारख्या चार तारा बाहेर येतात, त्या मी पट्टीखाली गुंडाळून ठेवलेल्या असतात. पट्टी सोडवली, तारा यंत्राला जोडल्या, नळी पुन्हा चार नंबरच्या डबीत सोडली. टिळा आता उगवतीला होता, ते मी तीनदा बघितलं. यंत्र चालू केलं आणि दुपारच्या उन्हात त्याची काच नुसती चकाकली. आकडा दिसेना.

''धरा,'' बन्सी म्हणाला आणि त्याने लाल उपरणं माझ्या डोक्यावरून यंत्रावर टाकलं.

उपरणं पडल्याबरोबर बाजाराला वाटलं, सौदा बसला! भराभर माणसं जमली. ''काय इकतीय बाई?'' ''डबा इकती जनू.'' ''डाक्टरची भाची हाय, लई शिकल्याली.'' ''मग वळूच आसंल.'' आत लाल उजेडात अडथळ्याचा आकडा दिसला: नऊ. मामाचा हात उपरण्याखाली आला. त्याला आकडा विचारायचा होता, पण तोंडाने विचारायचा धीर नव्हता. मलाही तोंडाने सांगायचा नव्हता. मी त्याची पाची बोटं धरली, सोडली, मग चार धरली.

आठ. सात. नळी थंड होत होती. एवढं तर मेलेला जोडही करतो. पाच. चार. तीन. बावन्न जोडांपैकी निम्मे मी तीनवर अडलेले बघितलेत. हा तीन सोडून खाली उतरला आणि मी मामाची दोन बोटं अशी आवळली की तो 'आई गं' म्हणाला.

दोन.

दोन.

दोन मिनिटं झाली, दोनच. बाहेर बन्सी सांगत होता, ''घासाघीस चालू हाय, मागं सरा.'' मी मामाची दोन बोटं धरून बसले होते. गेलं. त्रेपन्नावाही गेला. उपरण्याखाली मी मुकाट्याने रडायला लागले आणि ते मामाला बोटांतून कळलं.

''किती येळ दोनवरच हाय?'' त्याने हळूच विचारलं.

''लई येळ झाला.''

''थांब जरा.''

त्याचा डावा हात माझ्या बोटांत होता. उजवा त्याने डब्याकडे नेला, न बघता. आकड्याला बोट लावलं आणि मान वाकडी करून तो ऐकल्यासारखा थांबला.

''डबी मानंत आडकलीय गं,'' तो म्हणाला. ''तुज्या तारांनी वर उचलून धरलीय. नळी पान्यात न्हाई, वाफंत लोंबतीय. आमची बी आडकती कदी कदी.''

पाणी म्हणजे नायट्रोजन. बावीस वर्षं तो त्याला पाणीच म्हणतो. त्याने दोन बोटांनी आकडा जरासा फिरवला, डबी सरळ केली आणि खाली सोडली. आतून चर्र आवाज आला.

यंत्रावरचा आकडा हलला. मी दोन बोटं सोडली, एक धरलं. ते एक मला धड धरताही आलं नाही. काचेवर आकडा असा पडला की जणू खालून कुणी पाट काढून घेतला. मी ते शेवटचं बोटही सोडून दिलं.

उपरण्याखाली मामाचा हात माझा हात चाचपत राहिला. या बाजारात उपरण्याखाली रिकामा हात कुणी कुणाला देत नाही.

''बोट कुटंय?'' तो घाबरून म्हणाला. ''ज्ञाने, किती हाय? एक हाय का?''

''एक बी न्हाई, मामा.''

''एक बी न्हाई?''

''एक बी न्हाई! काय बी अडथळा न्हाई! जित्ता हाय त्यो!''

मी उपरणं भिरकावलं, ते एका बैलाच्या शिंगावर पडलं. मी मामाला मिठी मारली, मग बन्सीला मारणार होते पण तो मागे सरला, मग गायीला मारली. जमलेल्या लोकांना काही कळलं नव्हतं, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. ''कितीला गेलं?'' एकाने विचारलं. ''शून्याला!'' मी ओरडले. ''आन ही नाचतीय?'' तो म्हणाला. मी नाचतच होते. तीन गिरक्या घेतल्या, शेणात, चपलांसकट.

तो का वाचला, ते नंतर सुचलं. नळीत कोरडा वायू भरलेला असतो, त्याने अकरा सेकंदांत ऊब आतपर्यंत पोचू दिली नसणार. मामाचं म्हणणं वेगळं आहे. विठ्ठलाने अकराव्यालाच थांबवलं म्हणतो. मी या विषयावर त्याच्याशी वाद घालत नाही, बराच काळ घालणारही नाही.

मॅडमना फोन केला. ''शून्य,'' एवढंच म्हणाले. त्या म्हणाल्या, ''पाचला मी दारात उभी आहे.'' घड्याळात अडीच वाजले होते. मोटारसायकलवर डब्यासकट ऐंशी किलोमीटर म्हणजे अवघडच होतं. राहीबाईने गाय पिकअपमध्ये चढवली होती. तिने माझ्याकडे, मामाकडे आणि डब्याकडे बघितलं, कपाळावरची आठी तशीच ठेवली आणि पुढचं दार उघडलं.

''बसा. माजं गाव उलटीकडं हाय. पन ज्या डब्यातनं माजी गाय भरली, त्याच डब्यात पोरीचंबी हाय. शकुन मोडायचा न्हाई.''

''पान्यात हाय तवर बिघडत न्हाई,'' मामा तिला समजावत होता, ''हळू चालवा.'' पण बसायच्या आधी तो कुठंतरी गेला आणि शिंगांना लावायच्या रंगाची छोटी डबी घेऊन आला, पोळ्याला लावतात तो लाल हिंगूळ. डब्याचं झाकण काढून त्याने चार नंबरच्या आकड्याला बोटाने रंग फासला, फुंकर मारून वाळवला आणि मगच झाकण लावलं.

''आता टिळा कुटंबी आसू दे,'' तो म्हणाला. ''ह्यो तुजा.''

मी डबा मांडीवर घेतला. कडी पुन्हा पोटात रुतत होती. संभाजीनगर येईपर्यंत मी तो तसूभरही फिरवला नाही.